केंब्रिजचे सारथी

अलीकडे आपल्या मोठ्या शहरांतून 'लाइफ कोच' असे स्वतःस म्हणविणारा एक नवा वर्ग दिसू लागला आहे. वैद्य रोग पाहतो, वकील खटला पाहतो, शिक्षक विषय शिकवितो. हा गृहस्थ ह्यांपैकी काहीच करीत नाही. तुम्हांस कोठे जावयाचे आहे, आज तुम्ही कोठे आहात, पुढील आठवड्यात कोणते पाऊल टाकणार, एवढे तो विचारतो आणि आठवड्याने त्याचा हिशेब घेतो. एवढ्यासाठी परक्या माणसास पैसे का मोजावे, असा प्रश्न जुन्या वळणाच्या कुटुंबात सहज उपस्थित होतो, आणि तो अगदीच गैरवाजवी आहे असे म्हणवत नाही. कारण पूर्वी हे काम वडीलधारी माणसे, शेजारचे गुरुजी किंवा एखादा जाणता मित्र करीत असे. परंतु प्रश्न विचारून थांबण्यापेक्षा ह्या धंद्याचा पूर्वेतिहास पाहिला, तर त्याची योग्यता आणि त्याची मर्यादा ह्या दोहोंचाही बराचसा उलगडा होतो. तो इतिहास मुख्यतः एका विद्यापीठात घडला, आणि त्यात आपल्या देशातील दोन विख्यात पुरुषांचाही संबंध आहे.

'कोच' हा शब्द मूळचा हंगेरीतला. व्हिएन्ना आणि बुडा ह्या शहरांच्या दरम्यान कोच नावाचे एक गाव आहे. तेथील कारागीर पंधराव्या शतकात हलक्या व आरामशीर गाड्या बनवू लागले आणि गावाचे नाव गाडीस मिळून ते युरोपच्या बहुतेक भाषांत पसरले. इंग्लंडात 1830 च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या थट्टेच्या बोलीत ह्या शब्दास नवा अर्थ आला. जो खासगी शिक्षक कच्च्या विद्यार्थ्यास आपल्यात बसवून परीक्षेच्या पलीकडच्या काठास नेऊन सोडतो, तो 'कोच'. पुढे हाच शब्द नौकांच्या शर्यतींसाठी व इतर खेळांसाठी खेळाडू तयार करणाऱ्यांस लागला. मूळची कल्पना मात्र तीच राहिली: प्रवास दुसऱ्याचा, वाहन आपले.

ह्या अर्थाने कोच लोकांचे खरे राज्य केंब्रिज येथे झाले. तेथील गणिताच्या मानाच्या परीक्षेस 'ट्रायपॉस' म्हणत. पहिल्या वर्गात येणाऱ्यास 'रँग्लर', म्हणजे शब्दशः वाद घालणारा, अशी पदवी मिळे. पूर्वी परीक्षा तोंडी वादविवादाने होत असे, त्याची ही खूण. सर्वांत वर येणारा तो 'सीनियर रँग्लर'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही परीक्षा जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत सीनेट हाउसमध्ये आठ दिवस चाले आणि निकाल गुणानुक्रमाने जाहीर वाचून दाखवीत. वरच्या क्रमांकावर कॉलेजची फेलोशिप, आणि फेलोशिपवर पुष्कळदा सारे पुढील आयुष्य अवलंबून असे. इतका मोठा डाव ज्या परीक्षेवर लागला होता, तिची तयारी करून देण्यास प्राध्यापकांची व्याख्याने व कॉलेजातील सामान्य अध्यापन अपुरे पडे. ही उणीव खासगी शिक्षकांनी भरून काढली.

त्यांतील पहिला थोर पुरुष विल्यम हॉपकिन्स. त्याची हकिगत ध्येयाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. जन्म 1793 चा. प्रारंभीचा व्यवसाय शेतीचा, आणि त्यात यश नाही. पहिली पत्नी वारली. तेव्हा शेती सोडून, वयाची तिशी गाठलेली असता, ज्या वयात इतर लोक मुलांच्या शाळेची काळजी करतात त्या वयात, हा गृहस्थ केंब्रिजला पीटरहाउस कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झाला, आणि 1827 साली सातवा रँग्लर झाला. त्याने पुनर्विवाह केला होता आणि फेलोने अविवाहित असले पाहिजे असा त्या काळी नियम होता. म्हणून तो मार्ग त्यास बंद झाला व त्याने खासगी अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. 1849 पर्यंत त्याच्या हातून जवळजवळ 200 रँग्लर तयार झाले, त्यांपैकी 17 सीनियर रँग्लर. स्टोक्स, केली, पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला विल्यम थॉमसन, आणि विद्युच्चुंबकत्वाचे सिद्धांत मांडणारा मॅक्सवेल हे सारे त्याचेच शिष्य. सारख्या तयारीचे थोडे विद्यार्थी एकत्र बसवावे आणि नुसत्या घोकंपट्टीऐवजी विषयाची आवड त्यांच्या मनात उत्पन्न करावी, अशी त्याची रीत होती.

हॉपकिन्सचाच शिष्य एडवर्ड रूथ. 1854 च्या परीक्षेत हा सीनियर रँग्लर झाला आणि प्रत्यक्ष मॅक्सवेल दुसरा आला, एवढे सांगितले म्हणजे त्याची परीक्षेतील तयारी कळून येईल. 1855 पासून 1888 पर्यंत त्याने सहाशेहून अधिक विद्यार्थी शिकविले. त्यांपैकी पंचविसाहून अधिक सीनियर रँग्लर झाले. लॉर्ड रॅले, जोसेफ लार्मर, जे. जे. थॉमसन ही त्याच्या वर्गातील नावे. रूथजवळ कोणतीही गुप्त विद्या नव्हती. विषयाचे काटेकोर भाग पाडलेले. प्रत्येक तासास प्रत्येक भाग नेमलेला. दर आठवड्यास प्रश्नांची पत्रिका. तिचे गुण सर्वांस दिसतील असे लावलेले. स्वतः शिक्षकाची वेळ घड्याळाप्रमाणे. वर्षानुवर्षे हा क्रम चुकला नाही. बुद्धी विद्यार्थ्याची, परंतु त्या बुद्धीस रोज कोठे वळावयाचे आणि काल ती कोठवर पोहोचली, हे सांगणारी व्यवस्था रूथची.

आजचे मानसशास्त्रज्ञ जे सांगतात ते ह्याहून फार वेगळे नाही. अमेरिकेतील एडविन लॉक ह्याने 1968 साली एक निबंध प्रसिद्ध करून असे दाखविले की, 'होईल तितके चांगले करा' ह्या मोघम उपदेशापेक्षा स्पष्ट व थोडे अवघड उद्दिष्ट समोर असता माणसाच्या हातून अधिक काम होते. पुढील संशोधनाने त्यास हीही जोड दिली की, आपण कितपत पुढे आलो हे कळत राहिले तरच उद्दिष्टाचा असा उपयोग होतो. रूथची साप्ताहिक पत्रिका हेच करीत होती. लाइफ कोच प्रत्येक भेटीत मागील भेटीचा हिशेब मागतो, त्याचेही मर्म हेच. आपल्या मनाशी केलेला करार मोडणे सोपे असते. दुसऱ्यासमोर बोललेला शब्द मोडताना माणूस क्षणभर तरी थबकतो. व्यायाम, बचत, अर्धवट राहिलेला ग्रंथ, सोडावयाचे व्यसन, अशा कितीतरी गोष्टींत माणसाचे ज्ञान कमी पडत नाही. कमी पडते ते सातत्य. तेथे अशा मनुष्याचे साहाय्य खरोखर होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु ह्याच केंब्रिजच्या इतिहासाची दुसरी बाजू आहे. फ्रान्सिस गॉल्टन हाही हॉपकिन्सचा विद्यार्थी. तिसऱ्या वर्षी अतिश्रमाने त्याची प्रकृती अशी बिघडली की मानाची परीक्षा सोडून त्यास साधी पदवी घ्यावी लागली. बर्ट्रांड रसेल 1893 साली सातवा रँग्लर झाला आणि परीक्षा संपताच त्याने आपली गणिताची पुस्तके विकून टाकली. पुढे ज्याने गणिताच्या पायाविषयी जगास नवा विचार दिला, त्यास ट्रायपॉसच्या तयारीने गणिताचाच वीट आणला होता. जो पडला त्याची ही तक्रार असती तर ती सोडून देता आली असती. येथे यश मिळविलेलाच त्रासलेला दिसतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. गाडी वेगाने धावली, मुक्कामावर वेळेत पोहोचली. मात्र तो मुक्काम प्रवाशाने निवडलेला होता काय?

ह्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर जी. एच. हार्डी ह्या गणितज्ञाच्या चरित्रात मिळते. 1896 साली तो ट्रिनिटी कॉलेजात आला आणि त्यास त्या काळच्या सर्वांत नामांकित कोचकडे, रॉबर्ट वेब ह्याच्याकडे, पाठविण्यात आले. वेब परीक्षेच्या सर्व खाचाखोचा जाणत असे आणि त्याच शिकवीत असे. बुद्धिमान हार्डी इतका कंटाळला की गणित सोडून इतिहासाकडे जावे असे त्याच्या मनात आले. सुदैवाने तसे न करता त्याने शिक्षक बदलला. नवा शिक्षक ऑगस्टस लव्ह हा स्वतः उपयोजित गणिताचा अभ्यासक होता. हार्डीचा कल निराळ्या बाजूस आहे हे त्याने ओळखले आणि त्यास जॉर्दां ह्या फ्रेंच गणितज्ञाचा विश्लेषणावरील ग्रंथ वाचावयास सांगितले. गणित म्हणजे खरोखर काय, हे आपणांस त्या ग्रंथाने प्रथम कळले, असे हार्डीने 1940 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात कृतज्ञतेने नमूद केले आहे. लव्हने त्यास फार थोडे शिकविले; एका पुस्तकाकडे बोट दाखविले, इतकेच. पण ते बोट विद्यार्थ्याचा चेहरा पाहून उचललेले होते. 1898 साली हार्डी चौथा रँग्लर झाला. पुढे त्यानेच ह्या गुणानुक्रमाच्या पद्धतीविरुद्ध जोराची खटपट केली, आणि 1909 ची यादी ही क्रमांकवार यादींपैकी शेवटची ठरली.

वेब आणि लव्ह ह्यांच्यातील भेद सूक्ष्म असला तरी सारा प्रश्न त्यातच आहे. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक. एकाने परीक्षेस ध्येय मानून विद्यार्थी तिच्या मापाने कापला. दुसऱ्याने विद्यार्थ्याच्या अंतरी असलेले, परंतु त्यास स्वतःसही न दिसलेले, ध्येय त्याच्या दृष्टीस आणले. पहिले काम कौशल्याचे आहे. दुसऱ्यास कौशल्याबरोबर दुसऱ्या माणसाविषयी एक प्रकारचा आदर लागतो.

परीक्षेवर सारी शक्ती खर्चूनही तिला ध्येय न मानणारे विद्यार्थी त्या काळी नव्हते असे नाही. 1890 साली न्यूनहॅम कॉलेजातील फिलिपा फॉसेट हिचे गुण सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक आले. यादीत तिचे नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असे वाचले गेले. स्त्रियांस त्या वेळी केंब्रिजची पदवी मिळत नसे. ती मिळू लागली 1948 साली. तेव्हा ह्या मुलीच्या श्रमांचे फळ तिच्या हाती पदवीच्या रूपाने येणार नाही, हे तिलाही ठाऊक होते आणि तिचा शिक्षक हॉब्सन ह्यालाही. तरीही तिने ते श्रम केले, आणि स्त्रियांच्या बुद्धीविषयीच्या जुन्या समजास त्या एका निकालाने जो धक्का बसला, तो पुष्कळ व्याख्यानांनी बसला नसता.

आपल्याकडील उदाहरण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांचे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी ह्या लहान गावचा हा मुलगा, जवळचे आप्त धोंडो केशव कर्वे ह्यांच्या आधाराने शिकला, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला, आणि 1899 साली बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर सीनियर रँग्लरच्या स्थानी आला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. साऱ्या महाराष्ट्रास त्या दिवशी जो आनंद झाला त्याची खूण अशी की, 'रँग्लर' हा परकी शब्द त्यांच्या नावामागे कायमचा बसला. परंतु आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. इतक्या मोठ्या मानाच्या जोरावर मोठ्या पगाराची जागा मिळविणे त्यांस कठीण नव्हते. ते पुण्यास परत आले, अल्प वेतनावर फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले आणि 1902 साली तेथील प्राचार्य झाले. केंब्रिजची गाडी त्यांनी पुरी वापरली. मात्र त्यांचा मुक्काम तेथील यादीत लिहिलेला नव्हता. पदराला खार लावून विधवांच्या शिक्षणाचे कार्य चालविणारे कर्वे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांस आयुष्याचे माप गुणांच्या यादीबाहेरही असते, हे वेगळे शिकवावे लागले नसेल.

दुसरे उदाहरण श्रीनिवास रामानुजन ह्यांचे, आणि ते अधिक हृदयस्पर्शी आहे. परांजप्यांस मार्ग दाखविणारे लहानपणापासून लाभले. रामानुजनांस ते मिळाले नाहीत. त्यांचे ध्येय इतके प्रबळ होते की गणितावाचून त्यांस दुसरे काही सुचत नसे; परिणामी कुंभकोणमच्या कॉलेजातील शिष्यवृत्ती गेली, पुढे मद्रासेसही परीक्षेत अपयश आले, आणि 1912 साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी पत्करावी लागली. ध्येय आहे आणि वाट नाही, ही अवस्था ध्येय नसण्याहून कमी दुःखाची नव्हे. जानेवारी 1913 मध्ये त्यांनी हार्डीस पत्र लिहिले आणि एप्रिल 1914 मध्ये ते केंब्रिजला पोहोचले. आता हार्डीसमोर मोठा पेच उभा राहिला. सिद्धता म्हणजे काय ह्याची ह्या माणसास स्पष्ट कल्पना नाही, आधुनिक गणिताचे कितीतरी भाग त्याने ऐकलेलेही नाहीत. ते न शिकवावे तर चुका राहतात, आणि शिस्तीने पहिल्यापासून शिकवावे तर त्याच्या प्रतिभेचा झराच आटून जाईल. हार्डीने लिटलवुडच्या साहाय्याने जेवढे अवश्य तेवढेच हळूहळू शिकविले, आणि आपण त्यास शिकविले त्यापेक्षा त्याच्यापासून आपणच अधिक शिकलो, असे पुढे मोकळ्या मनाने कबूल केले. लव्हने हार्डीस जो आदर दाखविला होता, तोच हार्डीने रामानुजनांस दाखविला. 1918 साली रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

परंतु कथा येथे संपत नाही. महायुद्धाचे दिवस, शाकाहारी माणसाच्या अन्नाचे हाल, थंडी, घरापासून हजारो मैल दूर एकटेपणा. 1917 पासून प्रकृती ढासळली, रुग्णालयांतून दिवस गेले, आणि स्वदेशी परतल्यावर 1920 साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. ह्यात हार्डीस दोष देणे अन्यायाचे होईल. तो गणिताचा सोबती होता आणि ते काम त्याने अपूर्व रीतीने केले. तरी एवढे खरे की, त्या गणिती पत्रव्यवहारात व चर्चांत जेवण, झोप, घरची आठवण ह्यांना जागा नव्हती. मनुष्याचे एक ध्येय सिद्धीस नेणारा सोबती आणि सबंध मनुष्याची विचारपूस करणारा सोबती, ह्यांत अंतर आहे.

'कोच' ह्या शब्दामागे 'लाइफ' हा शब्द लागला तो ह्याच उणिवेपोटी, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेत टिमोथी गॉल्वे ह्या टेनिसच्या शिक्षकाच्या ध्यानात आले की, खेळाडूस सारख्या सूचना देत राहिल्याने त्याचा खेळ अडखळतो. त्याचे स्वतःचे लक्ष जागे केले तर तो आपोआप सुधारतो. त्याचे पुस्तक 1974 साली निघाले. पूर्वी मोटारींच्या शर्यतीत भाग घेणारा जॉन व्हिटमोर ह्या इंग्रज गृहस्थाने हीच दृष्टी कामधंद्याच्या जगात आणली; त्याच्या 1992 सालच्या ग्रंथाने ध्येय, सद्यःस्थिती, पर्याय आणि निश्चय अशी चार प्रश्नांची जी मालिका लोकप्रिय केली, ती आज बहुतेक कोच वापरतात. त्याच वर्षी टॉमस लेनर्ड ह्याने अशा मार्गदर्शकांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत संस्था काढली आणि 1995 साली त्यांचा आंतरराष्ट्रीय संघही स्थापन केला. ह्या मंडळींचा मूळ आग्रह असा की, उत्तर अशिलाने शोधावे. आपण फक्त प्रश्न विचारावे. रूथची शिस्त आणि लव्हची दृष्टी एकत्र आणून ती गणिताऐवजी सबंध आयुष्यास लावावी, असा हा प्रयत्न आहे.

प्रयत्न स्तुत्य खरा; परंतु सावधपणे पाहण्याजोगाही आहे. वैद्यकी व वकिलीप्रमाणे ह्या धंद्यास सनद लागत नाही. पाटी लावली की कोच झाला. मनाच्या खऱ्या आजारास वैद्यच पाहिजे, तेथे प्रश्नमालिका उपयोगी नाही. ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत, त्याच्या अपयशास त्याच्या मनाचा दुबळेपणा कारण आहे असे सांगणे तर निर्दयपणाचे. आणि सर्वांत मोठा धोका वेबचाच आहे: लोकांनी ठरविलेली पगाराची, पदाची किंवा देखाव्याची उद्दिष्टे प्रवाशाच्या गळ्यात बांधून गाडी भरधाव सोडणे.

हा धोका केवळ त्या नव्या धंद्यात आहे असे मानून आपण निश्चिंत राहू नये. 'कोचिंग' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत लाइफ कोचच्या कितीतरी आधी आला आहे. दहावी संपण्यापूर्वी मुलाचे नाव कोणत्या क्लासात घालावयाचे ह्याची चर्चा सुरू होते. रूथची पत्रिका, रूथचे गुण, रूथचे वेळापत्रक सारे तेथे आहे, आणि त्याने पुष्कळ मुलांचे कल्याणही झाले आहे. उणीव एवढीच की, पुष्कळदा गाडी ठरते, भाडे ठरते, मुक्काम ठरतो, आणि प्रवाशास विचारावयाचे राहून जाते. तो मुलगा उद्या पहिला आला तरी त्याची पुस्तके विकली जाणार नाहीत, ह्याची हमी कोण देईल?

सारथ्याची कल्पना आपणांस केंब्रिजने शिकवावयास नको होती. युद्धाच्या आरंभी रथात हातपाय गाळून बसलेल्या अर्जुनास भगवंतांनी अठरा अध्याय उपदेश केला. ज्ञानाची, कर्माची, भक्तीची वाट दाखविली. इतके सांगून झाल्यावर त्यांनी जे केले तिकडे आपले लक्ष कमी जाते. ह्या सर्वाचा पुरा विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे सांगून त्यांनी निर्णय त्याच्याच हाती ठेवला. लगाम ज्याच्या हाती होता तो सर्वज्ञ होता, तरीही रथ कोठे न्यावयाचा हे त्याने रथातल्या माणसास विचारले. जो मार्गदर्शक, मग तो पैसे घेणारा असो की घरातला वडील असो, एवढे विचारण्याचा धीर ठेवतो, त्याच्या गाडीत बसावयास हरकत नाही.